झाकणबंद मंडळाचा चेहरा

माणसाला काही ना काही नेम असावा. नेमानं माणूस वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो आणि दुसऱ्याला सल्ले द्यायला त्याला जरा कमी वेळ उरतो. भाऊसाहेबांचा नेम असा, की सकाळी नऊच्या ठोक्याला आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि झाकणबंद मंडळाचं टपाल उघडायचं. घरात बसून मेल वाचायला इस्त्रीचा सदरा कशाला, असं वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. "त्यांना मी दिसत नाही, पण मला मी दिसतो ना," असं उत्तर आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. इस्त्री मात्र त्याच करत राहिल्या. आता त्यालाही अठरा वर्षं झाली.

झाकणबंद मंडळ हे जिगसॉ जुळवणाऱ्या एकतीस माणसांचं मंडळ. माणसं वेगवेगळ्या गावी विखुरलेली, कुणी कुणाला कधी पाहिलेलं नाही. जिगसॉ काय, पुष्कळ लोक जुळवतात, पण झाकणावरचं चित्र बघून. मंडळाच्या मते ती शुद्ध लबाडी. इथे पेटी यायची ती झाकणावर जाड खाकी कागद डकवून. आत तुकडे किती आणि हरवलेले किती, एवढीच चिठ्ठी. चित्र कशाचं आहे ते जुळवता जुळवताच कळायचं, आणि कधीकधी जुळवून झाल्यावरही नीटसं कळायचं नाही. मग सगळं मोडून पेटीत भरायचं, टपालानं पुढच्या सभासदाकडे पाठवायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं. शेवटच्या सभासदाच्या हातून पेटी निघेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मंडळातले सगळ्यात वडील सभासद म्हणजे मास्तर. ते गणित शिकवून निवृत्त झाले होते. ते म्हणत, चित्र बघून तुकडे जुळवणं म्हणजे पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवणं.

या मंडळाचा सगळा व्यवहार ईमेलच्या यादीवर चाले. एकानं यादीच्या पत्त्यावर पत्र टाकलं की ते आधी भाऊसाहेबांकडे येई, ते वाचत, आणि मग एकतीस जणांना जाई. भाऊसाहेबांची सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर झालेली. त्यामुळे प्रत्येक मेलवर ते आवक क्रमांक टाकत आणि एका लांब वहीत त्याची नोंद करत. कुणी म्हणालं की क्रमांकाची गरज काय, तर त्या पत्रालाही क्रमांक मिळे. यादी जुनीपुराणी होती, तिच्यातून फक्त अक्षरं जात, फोटो जातच नसत. भाऊसाहेब याला यादीचा दोष मानत नसत, शील मानत.

सध्या मंडळात मोठी पेटी फिरत होती. पाच हजार तुकडे. सहा वर्षांपूर्वी निघाली, घरटी दोन-अडीच महिने मुक्काम करत तीस घरं हिंडली. मास्तरांची पाळी खरं तर चौथी होती, पण तेव्हा त्यांची बायको आजारी पडली आणि त्यांनी पाळी सोडली. पुढे ती गेली. नंतर मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, म्हणून पुन्हा पाळी सोडली. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि त्यांचं पत्र आलं होतं: "डॉक्टरांनी एक तारखेपासून बारीक काम करायला परवानगी दिली आहे. पेटी पाठवावी. वाट बघतो आहे." भाऊसाहेब तिसावे. त्यांनी नुकतीच पेटी जुळवून, मोडून, सुतळीनं बांधून तयार ठेवली होती. तीस माणसांनी सहा वर्षं एक चित्र पोटात ठेवलं होतं, ते या एका माणसासाठी. माणसाच्या पोटात साधी शेजाऱ्याची भानगड दोन दिवस राहत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या तिसांची योग्यता कळेल. चित्र कशाचं होतं ते इथेही सांगता येणार नाही. वाचणाऱ्यांत कुणी मंडळाचा पुढचा सभासद निघाला तर काय घ्या.

अशा वेळी, महिन्याच्या सुरुवातीला, यादी फुकट चालवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की तीस दिवसांनी ही सेवा बंद होत आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. भाऊसाहेबांनी पत्राला आवक क्रमांक दिला, पाणी प्यायले आणि पत्र पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

बातमी जिन्यानं वर गेली आणि समोरच्या दारातही गेली. वरच्या मजल्यावरचे वकील खाली येऊन म्हणाले, की आता जग सोशल मीडियावर आहे, आपणही तिथे जावं, मात्र जाताना लेखी काही देऊ नये. समोरच्या डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांनी दारातूनच निदान केलं, की हलायला लागलेला दात ठेवून कुणाचं भलं झालेलं नाही, एकदाच काय ते उपटून टाका, दोन दिवस दुखेल. वहिनी इतकंच म्हणाल्या, की जेवून घ्या.

भाऊसाहेबांनी आधी अठरा वर्षांची पत्रं कंपनीकडून सोडवून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं होतं. पासवर्ड बरोबर निघाला. मग कंपनीनं विचारलं, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? भाऊसाहेबांनी जन्मात प्राणी पाळला नव्हता. त्यांनी मामाच्या घोड्याचं नाव टाकून पाहिलं, शेजारच्या कुत्र्याचं टाकलं, लहानपणी अंगणात येणाऱ्या एका खारीला ते काहीतरी म्हणत ते आठवून टाकलं. कंपनीनं तिन्ही नाकारली आणि चोवीस तास दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, तुम्ही कधी काही पाळलं नाही. मग कुठल्याही फॉर्मवर जे लिहिता तेच लिहिलं असेल की." भाऊसाहेबांनी लिहिलं, 'लागू नाही'. दार उघडलं. स्वतःच्या सचोटीवर इतका राग त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

मग मंडळाचं मत घ्यायचं ठरलं. नवी ईमेल यादी दुसरीकडे उघडावी, की फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप करावा? एका ओळीत कळवावं, अशी सूचना होती. तीस सभासदांची सत्तेचाळीस मतं आली, मास्तरांचं तेवढं राहिलं. काहींनी दोन्ही बाजूंना दिली, एकानं 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि वर काहीच नव्हतं. पण सगळ्यांत लांब पत्र बेकरीवाल्या ताईंचं होतं. या ताई पहाटे भट्टी पेटवून, पाव बाहेर पडेपर्यंत मधल्या वेळात जिगसॉ जुळवत. त्यांनी लिहिलं होतं, की भाऊसाहेब, रागावू नका, आपल्या यादीत कुणाचं तोंड दिसत नाही, आवाज येत नाही. आपले तीन सभासद वारले, ते आपल्याला कधी कळलं? त्यांना पाठवलेले मेल परत आले तेव्हा. एकाला तर आपण दोन महिने पेटी का पाठवत नाही म्हणून तंबी देत होतो.

ती तंबी भाऊसाहेबांनीच दिली होती. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं.  ईमेलमध्ये माणूस विचार करून लिहितो, एक पत्र लिहितो आणि खाली नाव घालतो, असा त्यांचा मुद्दा तयार होता, पण तो त्यांनी लिहिला नाही. पंधरा दिवस ग्रुप करून पाहू, मग ठरवू, एवढंच त्यांनी कळवलं.

ग्रुप ताईंनी केला. सकाळी नऊला भाऊसाहेब सदरा घालून फोनसमोर बसले आणि वही उघडली. दुपारपर्यंत दोनशे बारा नोंदी झाल्या. कुणी एक शब्द लिहून पाठवी, मग दुसरा शब्द, मग तिसरा, असं वाक्य हप्त्याहप्त्यानं येई. खाली नाव नाही. एका संदेशाला अकरा जणांनी अंगठे दाखवले, ते भाऊसाहेबांनी 'अंगठा' असे अकरा वेळा चढवले आणि प्रत्येकाला पोच दिली. त्या पोचेवर पुन्हा अंगठे आले. संध्याकाळी बोटाला घट्टा पडल्यावर वहिनींनी वही काढून घेतली आणि धान्याच्या डब्यामागे ठेवली. भाऊसाहेबांनी ती शोधली नाही. त्यांना बरंच वाटलं, पण तसं दाखवणं पदाला शोभणारं नव्हतं.

चौथ्या दिवशी ताईंनी ग्रुपवर लिहिलं, की अठरा वर्षं झाली, आता तरी एकमेकांना बघू द्या, सगळ्यांनी आपापला चेहरा टाका. लोक लाजले. कुणी फूल टाकलं, कुणी मांजर, एकानं अर्धा कान. अशा वेळी व्यवस्थापकानं पुढे व्हायचं नाही तर कुणी? भाऊसाहेबांकडे एक चांगला फोटो होता. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, तेव्हा वहिनींनीच जेवणाच्या टेबलाशी बसवून काढलेला. सदरा कडक, मान सरळ, चेहरा असा, की हा माणूस हयात आहे याबद्दल सरकारला शंका राहू नये. त्यांनी तो टाकला आणि खाली लिहिलं: "सोबत व्यवस्थापकाचा फोटो. पोच द्यावी."

पोच लगेच यायला लागली. 'अरे बापरे.' 'हे??' 'अठरा वर्षं काय समजत होतो आणि काय निघालं.' 'माझा तर विश्वासच बसत नाही.' 'मास्तरांनी पाहिलं का? त्यांना धक्का बसेल.'

भाऊसाहेबांना कळेना, की त्यांच्या हयात असण्यात एवढं धक्कादायक काय आहे. इतक्यात वकील खाली आले. त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो ताणला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "तुम्ही छानच आलात. पण मागे कपाटाच्या काचेत हे काय आहे हो? फारच सुंदर दिसतंय."

भाऊसाहेबांनी वाकून पाहिलं. फोटो काढला त्या दिवशी टेबलावर मोठी पेटी जुळवून पूर्ण झालेली होती. एवढी मोठी, की ती टेबलावर कलती फळी ठेवून तिच्यावर जुळवावी लागली होती. फोटोत फळी नव्हती. पण मागच्या काचेच्या कपाटात ती अख्खी उतरली होती. उलटी होती खरी, डावं उजवीकडे, पण चारही कोपऱ्यांसकट. तिसांनी सहा वर्षं जपलेली गोष्ट अठरा वर्षांच्या राखणदारानं स्वतःच्या हातानं चव्हाट्यावर मांडली होती, आणि वर पोच मागितली होती.

त्यांनी फोन हिसकावून घेतला. फोटो खोडायचा म्हटल्यावर फोननं विचारलं, सर्वांसाठी खोडू की फक्त तुमच्यासाठी? इतक्या गडबडीतही भाऊसाहेबांचं सौजन्य सुटलं नाही. चूक आपली. दुसऱ्यांच्या फोनमध्ये शिरून खोडाखोड करणारे आपण कोण? त्यांनी 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. फोटो गेला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "सदर फोटो मागे घेण्यात आला आहे. ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो पाहिला नाही असे समजावे." आणि सुटकेचा श्वास सोडून त्यांनी चहा मागितला.

चहा यायच्या आधी ताईंचा फोन आला. भट्टीचा आवाज मागे घुमत होता. मागे घेतलाय म्हणता, पण फोटो आमच्याकडे आहे तसाच आहे, आणि मागे कशाला घेता, बरा आलाय की, असं त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांनी काचेबद्दल सांगितलं.  मग ताई हळूच म्हणाल्या, "अगं बाई. मोठी पेटी." त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. ग्रुप त्यांनीच केलेला असल्यामुळे फोटो सगळ्यांसाठी खोडायचा अधिकार त्यांच्याकडे होता. तो त्यांनी तिथल्या तिथे वापरला. पण ज्यांनी आधीच आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवला असेल त्यांचं मी काही करू शकत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

बाकीच्यांची चिंता नव्हती, त्यांची पेटी होऊन गेली होती. प्रश्न एकाच माणसाचा होता. भाऊसाहेबांनी मास्तरांच्या घरी फोन लावला. लेकीनं उचलला.

"बाबा? बाबा सकाळपासून तुमचाच फोटो घेऊन बसलेत काका. आधी फोनमध्ये उतरवून घे म्हणाले, आता मोठा करून बघतायत. भिंग पण घेतलंय. थांबा, स्पीकरवर टाकते, बाबा ऐकतायत."

आता काय बोलणार? फोटो बघू नका म्हणावं, तर का बघू नको म्हणून माणूस आणखी बघणार, आणि तो गणिताचा मास्तर. सदतीस वर्षं ज्यानं मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या खाडाखोडी ताडल्या, त्याला काचेतला कोपरा किती वेळ चुकवणार? भाऊसाहेब म्हणाले, की पेटी घेऊन मी स्वतःच येतोय, आज, आत्ता. आणि तोवर, मास्तर, डोळ्यांना विश्रांती द्या, ऑपरेशन नाजूक असतं.

वहिनींनी डबा दिला, बसस्टँडपर्यंत वकिलांनी पेटीला हात लावला. बस तीन तासांची. पाच हजार तुकड्यांचं ओझं मांडीवर घेऊन भाऊसाहेब खिडकीशी बसले. कंडक्टरनं विचारलं, खोक्यात काय?

"तुकडे."

"कसले?"

"माहीत आहे, पण सांगता येत नाही."

कंडक्टरनं त्यांच्याकडे, मग खाकी कागदाकडे, मग सुतळीकडे पाहिलं. त्यानंतर शेजारच्या सीटवरच्या बाईंना त्यानं पुढे जागा करून दिली, आणि सबंध वाटेत भाऊसाहेबांच्या आजूबाजूच्या तीन सीटा रिकाम्या राहिल्या. एरवी त्यांना हा अपमान झोंबला असता. आज त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: एक म्हातारा माणूस, नुकतेच स्वच्छ झालेले डोळे, आणि हातात भिंग.

मास्तरांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार लेकीनं उघडलं. मास्तर खिडकीतल्या खुर्चीत बसले होते. लहानखुरे, पांढरेशुभ्र, मांडीवर फोन, फोनवर भिंग. त्यांनी मान वर केली आणि भाऊसाहेबांकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं, मग पुन्हा भाऊसाहेबांकडे, उत्तर ताडून बघावं तसं.

भाऊसाहेबांनी पेटी खाली ठेवली. जे विचारायचं ते विचारताच येत नव्हतं. काचेत चित्र दिसलं का म्हणावं, तर काचेत चित्र आहे हे सांगितल्यासारखंच. त्यांनी लांबून सुरुवात केली.

"मास्तर, फोटो नीट दिसला?"

"दिसला की."

"काय काय दिसलं?"

"तुम्ही."

"आणि?"

"सदरा."

"सदऱ्याच्या मागे?"

"सदऱ्याच्या मागे तुम्हीच असणार."

"त्याच्याही मागे?"

मास्तरांनी भिंग बाजूला ठेवलं. "भाऊसाहेब, तुम्ही माझी तोंडी परीक्षा घ्यायला तीन तास बस करून आलात का?"

लेकीला हसू आवरेना. तिनं पाणी पुढे केलं आणि सांगितलं, की बाबांनी सकाळपासून डोकं खाल्लंय, एकच पालुपद, हे आमचे भाऊसाहेब नव्हेतच.

"नव्हेतच," मास्तर म्हणाले. "अठरा वर्षं मी एका जाडजूड माणसाला पत्रं लिहितोय. मोठ्या मिशा, जाड काड्यांचा चष्मा, आवाज खर्जातला. त्या माणसानं मला सात वेळा तंबी दिली, तर मी खुर्चीत सरळ होऊन बसायचो. आणि हा कोण निघाला? पाप्याचं पितर. भिंगातून मी मिशा शोधत होतो हो. कडा मी बरोबर जुळवल्या होत्या, मधलं सगळं चुकलं."

भाऊसाहेबांच्या मनात ग्रुपवरची ती वाक्यं एकेक करून उलटी फिरली. अरे बापरे. विश्वासच बसत नाही. काय समजत होतो आणि काय निघालं. म्हणजे काचेकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. यात आनंद किती मानायचा आणि अपमान किती, हे त्यांना तिथल्या तिथे ठरवता येईना. ते खुर्चीत बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण खूप दमलो आहोत.

पण काम अर्धंच झालं होतं. फोटो अजून मास्तरांच्या फोनमध्ये होता, आणि आता मिशांची शंका फिटल्यावर मास्तरांची नजर मोकळी झाली होती. भाऊसाहेब म्हणाले, की तो फोटो खोडून टाकाल का, कारण विचारू नका.

"खोडू? पहिल्यांदा तर दिसलात." मास्तरांनी फोन छातीशी धरला. "माझी बायको गेली तेव्हा मी यादीवर चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही त्यावर आवक क्रमांक टाकलात आणि खाली एक ओळ लिहिलीत, की हे पत्र पुढे पाठवण्याआधी मी तीनदा वाचलं. दुसरं काही नाही. घरी इतके लोक येऊन बसून गेले, मला ती ओळ लक्षात राहिली. तेव्हापासून वाटायचं, ही ओळ लिहिणारं तोंड एकदा बघावं. आणि आता खोडा म्हणता."

 भाऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा बारीक काड्यांचा होता.

"मास्तर," ते अखेर म्हणाले, "मी समोर बसलोय. फोटो कशाला हवा?"

मास्तरांनी विचार केला. "नियमाचं काही आहे का यात?"

"नियमासाठीच आहे."

"मग खोडा. पण एक अट. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष यायचं. चुकलात तर मी लेकीला सांगून ग्रुपवर ज्यानं उतरवून ठेवला असेल त्याच्याकडून तो फोटो परत मागवीन."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. लेकीनं फोन घेतला आणि दोनदा दाबलं. या खेपेला फोननं काय विचारलं ते भाऊसाहेबांनी तिच्या खांद्यावरून स्वतः वाचलं.

मंडळाचा निकालही त्याच खोलीत लागला, कारण मास्तरांचं मत अजून आलेलं नव्हतं आणि ते त्यांनी आता दिलं. तुकड्यांबद्दल जे काही बोलायचं ते नव्या ईमेल यादीवर, अक्षरांत, भाऊसाहेबांच्या हाताखालून. आणि ताईंचा ग्रुपही राहू द्यावा, माणूस आजारी आहे की बरा हे कळायला. तिथे फक्त चेहरे टाकावेत, आणि चेहऱ्यामागे कोरी भिंत असावी. कोरी भिंतच का, असं लेकीनं विचारलं. "ते मला माहीत नाही," मास्तर म्हणाले, "पण भाऊसाहेबांना मागच्या बाजूची भीती वाटते एवढं माझ्या लक्षात आलंय." भाऊसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

परतीच्या बसला दोन तास होते. मास्तर म्हणाले, तेवढ्यात कडा वेगळ्या करून टाकू, बसा. सुतळी सुटली, टेबलावर पाच हजार तुकडे ओतले गेले. मास्तर त्यांच्यावर वाकले ते पोरासारखे. भाऊसाहेबही नेटानं कडेचे तुकडे निवडू लागले. दहा मिनिटं दोघंही गप्प होते, आणि एवढं चांगलं गप्प बसणं भाऊसाहेबांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

मग मास्तरांनी मधला एक तुकडा उचलला. हिरवट, कोपऱ्यात जरासा पिवळा. तो त्यांनी भाऊसाहेबांच्या नाकासमोर धरला.

"हे पान असेल का हो?"

भाऊसाहेबांनी कडेचा आणखी एक तुकडा बाजूला काढला. अठरा वर्षांचं व्रत, ते मोडणार नव्हते.

"की कापड?"

तेव्हा भाऊसाहेबांच्या ध्यानात आलं, की मास्तर तुकड्याकडे पाहतच नाहीयेत. त्यांची नजर थेट समोरच्या चेहऱ्यावर होती. पान म्हटल्यावर भुवई हलली का, कापड म्हटल्यावर ओठ दाबले का, सारं ते शांतपणे टिपत होते. मिशाही नव्हत्या, की त्यांच्याआड काही लपावं.

"की पाणी?" मास्तरांनी मऊ आवाजात विचारलं.

भाऊसाहेब उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मागे मास्तर खुदकन हसले. तुकड्यांची खुळखुळ पुन्हा सुरू झाली आणि भाऊसाहेब भिंतीला उद्देशून म्हणाले, "हं, आता बोला मास्तर. डोळे कसे आहेत?"

आणि बस यायची वेळ होईपर्यंत दोघं तसेच बोलत बसले.